कारच्या दाराच्या काचेवरचे ओरखडे टूथपेस्टने जातात का? घरच्या घरी कसे काढावेत?

टूथपेस्टने जात नाहीत. बेकिंग सोड्यानेही जात नाहीत. कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर काच साधारण ५.५ वर येते, टूथपेस्टमधली खडूची भुकटी ३ वर आणि सोडा त्याच्याही खाली. मऊ वस्तूने कठीण वस्तू झिजत नाही. व्हिडिओत रेघ नाहीशी झालेली दिसते, कारण पेस्ट त्या रेघेत भरून बसते. गाडी एकदा नीट धुतली की रेघ पुन्हा जागेवर हजर.

मी एवढ्यावर थांबलो असतो. परंतु आपण प्रश्नात लिहिले आहे की चालकाच्या बाजूच्या काचेवर उभ्या रेघा पडल्या आहेत आणि गाडी धुणाऱ्या मुलाने खराब फडके वापरले असावे असा आपल्याला संशय आहे. हा संशय मी एकदा फार जवळून पाहिला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आमची सोसायटी पुण्याजवळ वाघोलीला आहे. खडीच्या खाणी आणि क्रशर यांच्यामुळे या भागात धुळीला तोटा नाही, त्यात शेजारच्या भूखंडावर नवी इमारत उभी राहू लागली होती. एका सदनिकाधारकांच्या गाडीच्या काचेवर अशाच उभ्या रेघा उमटल्या आणि त्यांनी सगळा दोष सकाळी गाड्या धुणाऱ्या मुलावर टाकला. सभा बोलावली गेली, त्या मुलाचे महिन्याचे पैसे अडवून ठेवले गेले, आणि त्याला बोलण्याची संधी मिळण्याआधीच निर्णय झाल्यासारखे वातावरण तयार झाले. माझी नोकरी चष्म्याच्या भिंगांना पॉलिश करण्यात गेली. काचेवरचा चरा कोणत्या दिशेने आणि कशाने पडला हे पाहणे हाच माझा धंदा होता. मी सर्वांना खाली पार्किंगमध्ये चलण्याची विनंती केली.

तिथे विजेरी तिरपी धरून पाहिले तेव्हा दिसले ते असे. रेघा एकमेकींना समांतर होत्या आणि काच ज्या दिशेने खालीवर सरकते त्याच दिशेने धावत होत्या. हाताने काच पुसणारा माणूस गोल किंवा आडवा हात फिरवतो. वरपासून खालपर्यंत पट्टीने आखल्यासारख्या रेघा त्याच्या हातून उमटणे शक्य नाही. मागच्या दाराला जोडलेली जी छोटी तिकोनी काच कधीच उघडत नाही, तिच्यावर एकही रेघ नव्हती, आणि ती तर त्याच मुलाने त्याच फडक्याने रोज पुसलेली होती. शिवाय काही रेघा काचेच्या आतल्या बाजूला होत्या, हे नख फिरवून मी दाखवले. मुलाकडे गाडीची किल्ली कधीच नसे.

दोष होता दाराच्या रबराचा. काच जिथून दारात शिरते तिथे दोन्ही बाजूंना मऊ लव असलेली रबरी पट्टी असते आणि बाजूच्या खाचेतही तसेच अस्तर असते. त्या लवेत धूळ अडकते. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्यातले फेल्डस्पार काचेपेक्षा कठीण असते, आणि बांधकामाच्या वाळूत क्वार्ट्झ असले तर तेही, मोह्स मोजपट्टीवर ७. असा एक कण लवेत रुतून बसला की काच खालीवर करताना प्रत्येक वेळी तो रेघ ओढतो. फास्टॅग आल्यापासून टोलनाक्यावर काच उतरवणे कमी झाले हे खरे, परंतु सोसायटीच्या फाटकावर आणि पार्किंगच्या पावतीसाठी चालकाचीच काच उतरते, आणि म्हणूनच रेघाही तिथेच सर्वांत जास्त असतात. ‘मग इतकी वर्षे का पडल्या नव्हत्या?’ असे त्या गृहस्थांनी विचारले. शेजारच्या बांधकामाकडे बोट दाखवण्यापलीकडे मला उत्तर देण्याची गरज वाटली नाही. त्यांना ते आजही पटलेले नाही. मुलाने मात्र दुसऱ्या सोसायटीत काम धरले.

तेव्हा आपण पॉलिश विकत घेण्याआधी रबर पाहावे. काच पूर्ण खाली घ्यावी, प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाला पातळ ओले कापड गुंडाळून ते पट्टीतून आणि खाचेतून फिरवावे, आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत हे करावे. वाळल्यावर सिलिकॉनचा फवारा हलका मारावा. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने धूळ आणखी चिकटते. लव झिजून आतली पत्र्याची कड उघडी पडली असेल तर पट्टीच बदलावी. हे न करता काच पॉलिश करणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

आता रेघांविषयी. नख आडवे फिरवून ते अडकत नसेल तर सिरियम ऑक्साइडने रेघ जाऊ शकते. ही फिकट गुलाबीसर किंवा पिवळट भुकटी असते. भिंगे आम्ही हिनेच चमकवत असू. ती नुसती घासत नाही, पाण्याच्या साथीने काचेच्या पृष्ठभागाशी तिची रासायनिक क्रियाही होते, त्यामुळे कोरडे घासण्यात अर्थ नाही. पातळ ताकासारखे मिश्रण करावे, रंगाला आणि रबराला टेप लावून झाकावे, ड्रिलला नमद्याचे पॅड बसवून कमी वेगात फिरवावे आणि पाण्याचा फवारा चालू ठेवावा. काच हाताला गरम लागली की थांबावे. नुसत्या रेघेवर रेटत बसू नये, तिच्या भोवतीचा मोठा भागही घ्यावा, नाहीतर तिथे खळगा होतो आणि त्यातून पलीकडचे दृश्य हलल्यासारखे दिसते. एका रेघेला अर्धा दिवस गेला तरी नवल नाही. दहा मिनिटांत काम करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

नख अडकत असेल तर काच बदलणे हाच उपाय आहे. दाराची काच सहसा टफन्ड असते, म्हणजे तापवून एकदम थंड केलेली, आणि एका जागी फार उष्णता झाली तर तिचे एकदम तुकडे होतात. पुढची काच दोन थरांची, मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली असते. तिच्यावर चालकाच्या नजरेसमोर हा प्रयोग मुळीच करू नये, कारण रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश तिथे फुटतो. मागच्या काचेला आतून तपकिरी तारा असतील तर आतली बाजू घासू नये, त्या तुटतात. काळी फिल्म ब्लेडने खरवडल्यामुळे पडलेले चरेही बहुधा खोलच असतात; सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फिल्मवर बंदी घातली त्यानंतर असे पुष्कळ पाहायला मिळाले.

एक गोष्ट मान्य करायला हवी, फडक्यानेही ओरखडे पडतात. रेघा आडव्या किंवा गोलसर असतील, आणि न उघडणाऱ्या काचेवरही असतील, तर कारण तेच समजावे. परंतु आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ न देता कोरड्या गाडीवर फडके मारायला त्या मुलाला कोण लावते? पाणी वाचवा, लवकर उरका, असे सांगणारे मालकच असतात, आणि फडकेही बहुतेक वेळा त्यांच्याच घरातला फाटका बनियन असतो. दोन बादल्या पाणी आणि मायक्रोफायबरची दोन कापडे आपण स्वतः आणून द्यावीत, आणि त्यांचे पैसे त्याच्या पगारातून कापू नयेत.