न्यूमोनियानंतर मुलीच्या छातीत नळी टाकली आहे. बाटलीतलं पाणी वर-खाली होतं, मधेच बुडबुडे येतात. काळजीचं आहे का?

पाणी हलतंय हे चांगलं लक्षण आहे. नळी फुप्फुसात नसते. फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामधल्या जागेत असते. तिथे साचलेला पू, पाणी किंवा हवा तिच्यातून बाहेर येते आणि दबलेलं फुप्फुस पुन्हा फुलतं. नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं असतं, त्यामुळे हवा बाहेर पडते पण परत आत शिरत नाही. मूल श्वास घेतं तेव्हा नळीतलं पाणी वर चढतं, सोडताना उतरतं. रडताना-खोकताना चार बुडबुडे आले तर घाबरू नका. मात्र ते अचानक खूप वाढले, किंवा पाणी हलायचंच थांबलं, तर नर्सना सांगा. पाणी थांबलं असेल तर फुप्फुस पूर्ण फुललं असेल, नाहीतर नळी दुमडली किंवा तुंबली असेल. ते त्याच तपासून ठरवतील.

बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी हवी. मुलीला कडेवर घेताना बाटली चुकून उचलून गादीवर ठेवली जाते, तसं होऊ देऊ नका. नळीला चिमटा स्वतःहून लावू नका. हवा अडकून फुप्फुस दबू शकतं. नळी निसटलीच तर त्या जागेवर लगेच हात दाबून धरा आणि हाक मारा.

आणि दुखण्याचं औषध वेळेवर मागा, संकोच नको. दुखलं की मुलं खोल श्वास घेत नाहीत, खोकला दाबतात, आणि बरं व्हायला तर खोल श्वास आणि खोकलाच हवा असतो. परवानगी असेल तर तिला बसवा, चालवा, भिरभिरं फुंकायला द्या.