ग्राहींची ‘अभिव्यक्ती’: पेशींमधील की पेशींवरील?

‘मानवी श्वेत रक्तपेशींमधील सायटोकाइन ग्राहींची अभिव्यक्ती’ हे शीर्षक मराठीत नीट बसते का, आणि ‘अभिव्यक्ती’ हा शब्द साहित्य-कलेपुरताच राखून ठेवावा का, असा प्रश्न आहे. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडलेली प्रथिने, आणि ग्राही म्हणजे तो संदेश पकडणारी पेशीवरची प्रथिने.

‘अभिव्यक्ती’ला माझी हरकत नाही. जे अव्यक्त होते ते व्यक्त होणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. जनुकातील माहितीवरून आधी संदेशवाहक आरएनए आणि त्यावरून प्रथिन तयार होते, त्या प्रक्रियेला तो चपखल लागू पडतो. तेव्हा ‘जनुकाची अभिव्यक्ती’ खुशाल लिहावे. अडचण येते ती ग्राहींपाशी. ग्राही हे तयार झालेले प्रथिनच असते आणि त्याच्याबाबत बहुधा जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की ते पेशीच्या पृष्ठभागावर आहे का आणि किती आहे.

इंटरल्यूकिन-२ या सायटोकाइनचा ग्राही पाहा. त्याच्या अल्फा, बीटा आणि गॅमा अशा तीन साखळ्या असतात. विश्रांत टी पेशींपैकी (टी पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) बहुतेकींवर अल्फा साखळी, म्हणजेच सीडी २५, फारशी आढळत नाही. पेशी उद्दीपित झाली की या साखळीचे प्रमाण झपाट्याने वाढते, आणि तिन्ही साखळ्या एकत्र आल्या की इंटरल्यूकिन-२ला बांधून घेण्याची ओढ नुसत्या बीटा-गॅमा जोडीच्या मानाने सुमारे १०० पट होते. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींवर मात्र अल्फा साखळी एरवीही भरपूर असते. शिवाय सीडी २५चा काही भाग पेशीवरून सुटून रक्तद्रवात जातो. म्हणूनच आरएनए मोजून आलेला आकडा आणि प्रत्यक्ष पृष्ठभागावरचे प्रमाण यांचा मेळ बसेलच असे नाही, आणि दोन्हींना ‘अभिव्यक्ती’ म्हटले तर नेमके काय मोजले ते वाचकाला कळत नाही.

प्रतिदीप्त (प्रकाश पडताच चमकणारी) प्रतिपिंडे लावून फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजण्याच्या तंत्राने, पेशींच्या पृष्ठभागाची मोजणी केली असेल, तर ‘माणसाच्या पांढऱ्या पेशींवरील सायटोकाइन ग्राही: प्रकार आणि प्रमाण’ असे शीर्षक मी देईन. इथे ‘मधील’ऐवजी ‘वरील’ हवेच. आरएनए मोजला असेल, तर ‘सायटोकाइन ग्राहींच्या जनुकांची अभिव्यक्ती’ योग्य. मजकुरात ‘पेशी ग्राही अभिव्यक्त करतात’ अशी ओढूनताणून केलेली रचना टाळून ‘पेशींवर ग्राही दिसू लागतात’ किंवा ‘आढळतात’ असे लिहावे. ‘श्वेत रक्तपेशी’ चूक नाही. पण रक्ततपासणीच्या निमित्ताने घरोघरी रुळलेला ‘पांढऱ्या पेशी’ हा शब्द असताना मी तोच वापरेन.