पहिल्यांदाच कॉर्न स्नेक आणतोय. घरात हीटिंग असताना सापाला वेगळी ऊब लागेल का? टाकी केवढी घ्यावी?

तुम्ही इंग्लंडमध्ये राहता, मुलासाठी पिल्लू घेताय आणि दुकानदार काचेची टाकी व हीट मॅट (टाकीखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई) असा संच देतोय, असं लिहिलंय. मीही इथेच असतो आणि माझ्याकडे कॉर्न स्नेक आहे, म्हणून सांगतो.

ऊब वेगळी लागेलच. खोलीतले २० अंश आपल्याला पुरतात, त्याला नाही. हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडाकडचा. खाल्लेला उंदीर पचवायलासुद्धा त्याला बाहेरची ऊब लागते; ती कमी पडली तर एक-दोन दिवसांनी उंदीर ओकून टाकू शकतो. पण म्हणून सगळी टाकी तापवायची नाही. एका टोकाला ३० अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २२ ते २४. कुठे बसायचं ते तो ठरवेल. रात्री थोडं उतरलं तरी बिघडत नाही.

आता त्या संचात थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानावर मॅट आपोआप चालू-बंद करणारं उपकरण, आहे का बघा. बऱ्याचदा नसतो, आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा. नुसती मॅट लावली तर काच बघता बघता ४० च्या वर जाते, आणि पोटाला चटका बसत असतानाही साप तिथून हलेलच असं नाही. मॅट टाकीच्या खाली, एका टोकाला, तळाचा साधारण तिसरा हिस्सा व्यापेल एवढीच असावी. थर्मोस्टॅटचा प्रोब (वायरीच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) मॅट आणि काच यांच्या मध्ये बसवा. आत नुसता सोडला तर साप तो ढकलून थंड कोपऱ्यात नेतो. थर्मोस्टॅटला वाटतं टाकी गार आहे आणि तो मॅट तापवतच राहतो. आतल्या बाजूला चिकटपट्टी कुठेही नको. खवल्यांना चिकटली की सोडवताना कातडी निघते. टाकीच्या तळाशी, मॅटच्या वर येणाऱ्या भागात, भुसा दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा, जाड थरातून ऊब वर येत नाही. भुसा अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा घ्या. सीडर किंवा पाइनचा अजिबात नको.

पुढे लाकडी व्हिव्हेरियम (साप ठेवायची पेटी) घेतलंत तर खालची मॅट कामाची नाही, लाकूड ऊब अडवतं. तिथे वरून सिरॅमिक हीटर लावतात, त्यालाही थर्मोस्टॅट हवाच आणि भोवती जाळी हवी, नाहीतर साप सरळ हीटरला वेटोळं घालतो. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर शोभेचे. दोन प्रोबवाला डिजिटल घ्या.

टाकीचं म्हणाल तर पूर्ण वाढलेला साप चार-पाच फुटांचा होतो आणि पंधरा-वीस वर्षं जगतो. शेवटी त्याला १२० × ६० × ६० सेंटिमीटरची जागा द्यावीच लागेल. पिल्लाला मोठी टाकी चालत नाही असं सांगतात, ते अर्धंच खरं आहे. मोकळी मोठी टाकी चालत नाही. बिचारं घाबरून खाणं सोडतं. आत फांद्या, खोटी पानं, बुचाच्या साली कोंबा. लपायच्या जागा दोन, एक उबेत आणि एक गार टोकाला, दोन्ही अंगाला घासतील इतक्या तंग. डोळे दुधाळ झाले म्हणजे कात टाकायची वेळ आली. तेव्हा ओलं शेवाळ भरलेली डबी आत ठेवा.

फटी मात्र बोटाने चाचपून बघा. वायर आत जाते ते भोक, झाकणाचा सैल कोपरा. पिल्लू पेन्सिलीएवढं असतं आणि जिथे डोकं शिरतं तिथून अख्खा साप जातो. झाकणाला क्लिपा लावाच.

टाकी आठवडाभर आधी रिकामीच चालू ठेवा, सकाळ-रात्र तापमान लिहा. आकडे स्थिर झाले की मगच पिल्लू आणा. आणल्यावर पाच-सात दिवस हात लावू नका, मुलालाही लावू देऊ नका, त्यानंतर पहिला उंदीर द्या. हे उंदीर गोठवलेले मिळतात आणि फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात, तेव्हा घट्ट झाकणाचा वेगळा डबा घ्या. खोवलेल्या नारळाशेजारी तो डबा चालेल का, हे घरात आधीच विचारून ठेवा.