जुने सर्फबोर्ड अंदमानला पाठवताय? आधी स्क्रू मोजा

ताई, ऑस्ट्रेलियाहून घोडबंदरला परत आलात, बाल्कनीत तीन बोर्ड उभे आहेत (एक ९ फुटी, एक ६ फूट २ इंची, एक ५ फूट ६ इंची), सोबत दोन वेटसूट (थंड पाण्यात घालायचे रबरी पोशाख) आणि फिन (बोर्डाखाली बसवायचे पंख) व लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) यांचा एक खोका. हे सगळं लिटिल अंदमानच्या सर्फिंग करणाऱ्या पोरांना द्यायचंय, कसं पाठवू, असं तुम्ही विचारलंय. मी नेरूळहून दोनदा पाठवलंय. पहिल्यांदा चुकलो, म्हणून लांबलचक लिहितोय.

पहिल्या खेपेला दोन बोर्ड पाठवले. पाठवताना फिन काढून त्यांचे स्क्रू एका पुडीत घातले आणि ती पुडी आमच्याच टीव्हीच्या खणात राहिली. तिकडून फोन आला, "काका, बोर्ड मस्त आहे, फिन बसत नाही." मी म्हटलं, हार्डवेअरच्या दुकानातून स्क्रू घे. पलीकडे शांतता. मग मीच स्टेशनजवळच्या दुकानात गेलो, तेव्हा ट्यूब पेटली. फिनचे ते बारीक स्क्रू फिरवायला ३/३२ इंची ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) लागते, म्हणजे २.३८ मिलिमीटर. आपल्याकडे सगळा माल मिलिमीटरचा. २.५ ची आत जात नाही, २ ची नुसती गरगर फिरते आणि स्क्रूचं तोंड झिजवून ठेवते. जे नेरूळला मिळालं नाही ते लिटिल अंदमानच्या हट बे बंदराच्या बाजारात कुठून मिळणार? बोर्ड दीड महिना भिंतीला टेकून उभा होता, आणि तो नेमका लाटांचा दीड महिना होता.

तेव्हापासून मी बोर्ड नंतर बघतो, पुडी आधी भरतो. प्रत्येक बोर्डामागे दोन ॲलन की, डझनभर जादा स्क्रू, लीश बांधायच्या दोऱ्यांचे चार तुकडे आणि गरम पाण्याचं वॅक्स (पाय घसरू नये म्हणून बोर्डावर चोळतात ते मेण). वॅक्सच्या वेष्टनावर 'ट्रॉपिकल' लिहिलेलंच घ्या, थंड पाण्याचं तिथे लोण्यासारखं वितळतं. ही पुडी बोर्डालाच चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. वेगळी ठेवली की ती टीव्हीच्या खणात जाते.

फिनचंही बघून घ्या. एफसीएस आणि फ्युचर्स हे फिन बसवायचे दोन वेगळे साचे आहेत, एकाचा फिन दुसऱ्यात बसत नाही. तुमच्या खोक्यात दोन्हींची भेळ असणार. एकेक संच त्या-त्या बोर्डात बसवून बघा, मग काढून त्याच बोर्डाच्या पुडीत बांधा. लीशचं रबर नखाने ताणून बघा. बारीकशी चीर दिसली तरी कचऱ्यात. तुटकी लीश दान करणं म्हणजे पोराला बोर्डामागे किनाऱ्यापर्यंत पोहायला लावणं, आणि सुटा बोर्ड लाटेबरोबर दुसऱ्याच्या डोक्यावर जातो ते वेगळंच.

आता बोर्ड. आत फोम, वर फायबरच्या कापडाचं कवच, अशी त्याची रचना. दिसायला चकचकीत असला तरी आत पाणी शिरलेलं असू शकतं. बोर्ड आडवा ठेवून बोटाच्या पेराने टकटक करत पुढून मागे जा. आवाज टणक येतोय तोवर ठीक. मध्येच भद्द आवाज आला आणि अंगठ्याने दाबल्यावर कापड आत गेलं, तर तिथे फायबर फोमपासून सुटलंय. चीर असेल तर ती खाली येईल असा बोर्ड दुपारभर उन्हात उभा करा. माझ्या एका बोर्डाच्या शेपटीतून असं केल्यावर पिवळट पाणी ठिबकलं. जिभेला लावून बघितलं, खारट. कर्नाटकातल्या मुल्कीच्या किनाऱ्यावर तो वापरून वर्ष झालं होतं! असा बोर्ड पूर्ण वाळेपर्यंत चीर बुजवू नका, पाणी आतच कोंडतं.

बुजवताना फोम कोणता ते विचारा. पॉलियुरेथेन असेल तर पॉलिएस्टर रेझिन (चीर बुजवायचा, वाळून घट्ट होणारा चिकट द्रव) चालतं. ईपीएस, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा असेल, तर पॉलिएस्टर रेझिन तो फोम खाऊन टाकतं, तिथे इपॉक्सीच हवं. उन्हात घट्ट होणाऱ्या रेझिनची एखादी ट्यूब पार्सलमध्ये घातलीत तर पोरं दुवा देतील, तिथले खडक बोर्डाला सोडत नाहीत. फक्त ज्वलनशील वस्तू आहे हे ट्रान्सपोर्टवाल्याला आधी सांगा, आणि विमानाच्या सामानात ती अजिबात घालू नका.

तुमच्या तीन बोर्डांपैकी अंदमानला मी दोनच पाठवेन. ५ फूट ६ इंची तर सोन्यासारखा आहे. तिथली जी मुलं आता चांगली सर्फिंग करतात ती चाळीस-पंचेचाळीस किलोची, त्यांना मोठ्या माणसांचे जाडजूड बोर्ड लाटेत वळवता येत नाहीत. ६ फूट २ इंची एखाद्या मोठ्या मुलाला होईल. पण तिथे शिकवणाऱ्या माणसाला आधी फोन करून वजन-उंची विचाराच. मी न विचारता पाठवलेला एक बोर्ड तिथे कपडे वाळत घालायला वापरला जातो, असं कानावर आलंय.

९ फुटी मात्र राहू द्या. तो तुमच्या लिफ्टमध्ये मावत नसेल, तर बोटीच्या गर्दीत काय मावणार? तो मुल्कीला किंवा चेन्नईजवळ कोवलमला द्या, तिथेही कोळ्यांची पोरं शिकतात आणि नवशिक्याला लांब बोर्ड लागतोच. मत्स्यगंधा ठाण्यालाही थांबते आणि मुल्कीलाही, पण थांबा मिनिट-दोन मिनिटांचा, तेवढ्यात ब्रेकव्हॅनमधून (गाडीच्या सामानाच्या डब्यातून) ९ फुटी चीज उतरवायच्या भानगडीत पडू नका. तिकडे जाणारा ओळखीचा टेम्पो बरा.

वेटसूट? अंदमानचं पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास. ४/३ मिलिमीटर जाडीचा सूट घालून पोरगं उकडून निघेल. मालवणला स्कूबा करवणाऱ्यांना विचारून बघा, नाहीतर विकून टाका आणि त्या पैशांत लांब बाह्यांचे रॅश व्हेस्ट (अंग घासू नये म्हणून घालायचे घट्ट बनियन) आणि खडकावर चालायचे रबरी बूट घ्या. हे दोन्ही तिथे रोज लागतात.

वेळ चुकवू नका. लिटिल अंदमानच्या बटलर बेला लाटांचा हंगाम साधारण मार्च ते मे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे राष्ट्रीय पातळीची स्पर्धा झाली, तेव्हापासून पोरांचा उत्साह विचारू नका. माल फेब्रुवारीत पोचायला हवा, म्हणून इथून डिसेंबरात हलवा. रस्ता असा: भिवंडीहून ट्रकने चेन्नई, चेन्नईहून जहाजाने पोर्ट ब्लेअर (आताचं श्रीविजयपुरम), साधारण तीन दिवस, तिथून दुसऱ्या बोटीने हट बे, सहा-आठ तास. पावसाळा लागला की ही शेवटची बोट कधी सुटेल ते समुद्रालाच ठाऊक. आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद ट्रकमध्ये चार दिवस भाजलेल्या बोर्डाचं फायबर फुगून सुटतं, म्हणून थंडीच बरी.

बांधणीची एक युक्ती देतो, यात माझा अनुभव पक्का आहे. आधी जुनं वॅक्स प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, नाहीतर ते वितळून सगळ्याला चिकटतं. मग एसीच्या तांब्याच्या पायपावर चढवतात ती काळी फोमची नळी हार्डवेअरवाल्याकडून घ्या, लांबीला चीर द्या आणि बोर्डाच्या कडांवर नाकापासून शेपटीपर्यंत बसवा. मार बसतो तो कडांनाच. वर जुन्या चादरी, मग पुठ्ठा. नाक आणि शेपटीला पुठ्ठा दुहेरी. बबलरॅपवर मी एकदा हजारभर रुपये उधळले होते, या नळीपुढे ते काहीच नाही. फिन काढून ठेवणं तर आलंच. बसवलेले ठेवलेत तर उतरवताना कोणीतरी बोर्ड त्यांच्यावरच टेकवतो आणि फिनचा साचा मुळासकट उपटतो.

बंगाली आणि निकोबारी वस्तीतली पोरं आहेत ही, हिंदी सगळ्यांना येतं, फोनवर अडचण नाही. स्वतः जाणार असाल तर परतीच्या बोटीची तारीख सैल ठेवा, आणि ओंगे आदिवासींच्या राखीव भागाकडे फिरकू नका, तिथे जायला कायद्याने बंदी आहे.

शिकवणाऱ्याचा नंबर इथे उघड देत नाही, व्यक्तिगत निरोप करा. आणि त्या खोक्यातले स्क्रू आज रात्री मोजा, किती निघाले तेही कळवा. कमी पडले तर माझ्याकडे एक डबी भरलेली आहे, नेरूळहून ठाण्याला येणाऱ्या कोणाच्याही हाती देतो.