ज्या गावी जायचंय, त्याचा वाईट महिना आधी बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 54, हे 59 वर्षांचे. पुढच्या वर्षी हे निवृत्त होतील. माझं काम घरूनच चालतं, मुलगी तिच्या संसारात आहे. आता कुठेही जाऊन राहायची मोकळीक आहे आणि तिथेच सगळं अडलंय. मला उकाडा अजिबात सोसत नाही, रात्र रात्र डोळा लागत नाही. सुट्टीत पाहिलेलं डोंगरातलं एक गाव डोक्यातून जात नाही. ह्यांचे गुडघे दुखतात, थंडीचं नाव काढलं तरी नको म्हणतात. त्यांना समुद्रकाठ हवाय. मला लहानपणापासून दमा आहे, हल्ली आटोक्यात आहे. हे म्हणतात, तिथे आपलं कोण आहे? मी म्हणते, होतील ओळखी. वर्षभर हाच वाद चाललाय. आता विषय काढला की हे उठून गॅलरीत जाऊन बसतात. राहतं घर विकून एकदाचा निर्णय घेऊन टाकावा का?

उत्तर :

नमस्कार. घर विकू नका. निदान आत्ता तरी नाही. कारण पुढे येईलच, पण पत्र वाचल्यावर पहिलं हेच सांगावंसं वाटलं.

हवामानाचा हट्ट म्हणजे चोचले, असं मी मुळीच मानत नाही. ज्याची रात्रीची झोप उडाली, त्याला दिवसा काही गोड लागत नाही. तेव्हा तुमची तक्रार खरी आहे. फक्त ती नीट तपासायला हवी. तुम्हाला नेमकं काय सोसत नाही? दुपारचं ऊन, की रात्रीची ती चिकट, हलायला तयार नसलेली हवा? तुम्ही पत्रात रात्रीबद्दल लिहिलंय. म्हणजे कुठल्याही गावाचं दुपारचं कमाल तापमान तुमच्या फारसं कामाचं नाही. तुम्ही पाहायचं ते रात्रीचं किमान तापमान आणि दमटपणा. पारा 32 अंशांवर असेल आणि आर्द्रता 40 टक्के असेल, तर अंगाला साधारण 33 अंशांसारखं वाटतं. त्याच 32 अंशांना आर्द्रता 70 टक्के झाली की तेच 41 अंशांसारखं वाटतं, कारण घाम वाळतच नाही आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दवबिंदू म्हणून एक आकडा असतो, हवेत ओल किती आहे ते तो सांगतो. तो बघायची सवय लावा. तो 16 अंशांच्या खाली असेल तर बहुतेकांना बरं वाटतं, 21 च्या वर गेला की जीव घाबरा होऊ लागतो. समुद्रकाठी दिवसाचा तडाखा कमी असतो हे खरं, पण उष्ण प्रदेशातला समुद्र रात्रही थंड होऊ देत नाही. सिंगापूरला पहाटेसुद्धा पारा सहसा 23-24 च्या खाली उतरत नाही. तेव्हा तुमचा समुद्राला असलेला विरोध मला पटतो. निदान उष्ण समुद्राला असलेला तरी.

आता डोंगर. दर हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. इक्वाडोरची राजधानी कीटो जवळपास विषुववृत्तावरच आहे, पण 2,850 मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे बाराही महिने संध्याकाळी अंगात काहीतरी घालावं लागतं. याचा तुमच्यासाठी अर्थ असा, की सुटका हवी म्हणून शिखर गाठायची गरज नाही. आठशे ते बाराशे मीटर उंचीवरच्या गावातसुद्धा तुम्हाला पाच ते आठ अंशांचा दिलासा मिळेल आणि ह्यांना कडाक्याच्या थंडीत दिवस काढावे लागणार नाहीत. वर्षाच्या सरासरीवर मात्र विसंबू नका. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को आणि दक्षिण कोरियातलं सोल या दोन शहरांची वार्षिक सरासरी 13-14 अंशांच्या आसपासच आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोत वर्षभर पातळ जॅकेटवर निभावतं, आणि सोलमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली तर ऑगस्टमध्ये पंचविशीच्या पुढे. सरासरीतून यातलं काहीच कळत नाही.

आणि एकाच गावात दोन हवामानं असतात, हे डोंगरात घर घेणाऱ्यांना फार उशिरा कळतं. थंड हवा जड असते. सूर्य मावळला की ती उतारावरून खाली सरकते आणि दरीच्या तळाशी साचते. तळातल्या घरात सकाळी दहापर्यंत ऊन येत नाही, अंगण ओलं, कपडे दोन दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. त्याच गावात शंभर मीटर वर, सूर्याकडे तोंड केलेल्या उतारावर साडेसातलाच ओट्यावर ऊन पडलेलं असतं. तुमच्या डोक्यात बसलेलं ते गाव सुंदरच असेल. पण तुमचं घर त्याच्या कुठल्या उतारावर असणार आहे?

हे मी आग्रहाने लिहितेय ते तुमच्या दम्यासाठी. थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आवळू शकतात आणि ओल धरलेल्या घरातली बुरशीही दम्याला वाईट. उलट धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांच्यामुळे पुष्कळांचा दमा उठतो, ते उंचावरच्या कोरड्या हवेत नीट जगत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसला, साधारण 1,560 मीटरवर, आधी क्षयाचे आणि पुढे दम्याचे रुग्ण उपचारासाठी जात आले ते त्या हवेसाठीच. म्हणजे डोंगर तुम्हाला मानवेलही आणि बाधेलही. दमा कशाने उठतो ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, गरज वाटली तर तपासणी करून घ्या, आणि मगच उंची ठरवा. 2,500 मीटरच्या वर तर विरळ हवेचा त्रास निरोगी माणसालाही होऊ शकतो, तो विचार सोडूनच द्या.

ह्यांच्या गुडघ्यांबद्दल एक गोष्ट त्यांना आवर्जून वाचून दाखवा. मँचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला होता. अडीच हजारांहून अधिक लोकांनी रोजचं दुखणं फोनवर नोंदवलं आणि ते त्या त्या दिवसाच्या हवेशी ताडून पाहिलं. 2019 मध्ये निष्कर्ष आले. दमट, वाऱ्याच्या आणि हवेचा दाब कमी असलेल्या दिवशी दुखणं थोडंसं वाढत होतं, थंडीशी मात्र त्याचा ठोस संबंध दिसला नाही. म्हणून थंडीत त्यांचे गुडघे दुखतच नाहीत असं म्हणायचं नाही, त्यांचं दुखणं त्यांनाच ठाऊक. पण दमट, वाऱ्याचा समुद्रकाठ म्हणजे गुडघ्यांवर उपाय, ही समजूतही सोडायला हवी. डोंगरात त्यांना खरी अडचण होईल ती चढउताराची आणि पायऱ्यांची. घरापासून सपाट चालायला रस्ता आहे का, हे त्यांच्या दृष्टीने थर्मामीटरपेक्षा मोठं आहे.

आता ते वाक्य, जे तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. ‘तिथे आपलं कोण आहे?’ मला वाटतं, वर्षभराचा वाद याच्याभोवतीच फिरतोय. तुमचं काम तुमच्याबरोबर गावाला येईल. तुमचे फोन, तुमच्या मीटिंगा, सोबत काम करणारी माणसं, सगळं येईल. ह्यांचं काम पुढच्या वर्षी संपणार आहे, आणि त्याबरोबर सकाळी ‘काय, कसं काय?’ विचारणारी माणसंही जाणार आहेत. त्याच वर्षी गावही सुटायचं म्हणजे माणसाला धाकधूक होणारच. थंडी आणि गुडघे हे सांगायला सोपं. ‘मला एकटं पडायची भीती वाटते’ हे साठीच्या उंबरठ्यावरच्या पुरुषाला तोंडातून काढणं फार जड जातं. गॅलरीत जाऊन बसणं हा बहुधा त्यांचा नकार नसावा. एकदा त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि गावाचं नाव न काढता विचारा, ‘निवृत्तीनंतर तुमची सकाळ कशी जावी असं वाटतं?’ मग ते बोलत असताना मध्ये पडू नका.

डेव्हिड श्केड आणि डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, आयुष्यात समाधानी आहात का? दोन्हीकडचं समाधान जवळपास सारखं निघालं. पण हवा चांगली म्हणून कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. तुलना करायला बसलं की डोळ्यांपुढे हवाच येते. राहायला लागलं की दिवस जातो तो काम, माणसं, दवाखाना, बाजारहाट यांत. तुमच्या बाबतीत झोप आणि दमा आहे, म्हणून हवेला जास्त वजन द्यायलाच हवं. तरी सुट्टीत पाहिलेलं गाव हे पाहुण्याने पाहिलेलं गाव असतं.

तेव्हा असं करा. दोघांनी वेगवेगळे कागद घ्या आणि काय आवडतं ते न लिहिता काय सोसणार नाही तेवढंच लिहा. जास्तीत जास्त तीन गोष्टी. यातलं काही ज्या गावात असेल ती गावं गळतील आणि जी चार-दोन उरतील, ती कदाचित तुमच्या डोंगरातलीही नसतील आणि त्यांच्या समुद्राकाठचीही. मध्यम उंचीवरचं, बऱ्यापैकी मोठं, अर्ध्या तासात चांगलं रुग्णालय गाठता येईल असं गाव माझ्या मते तुम्हा दोघांना सगळ्यात मानवेल. मग त्या गावी त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात जाऊन राहा. हॉटेलात उतरू नका, भाड्याचं घर घ्या, स्वयंपाक करा, कपडे वाळत घाला, वीज गेली तर किती वेळ जाते ते बघा. ह्यांनी रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने फिरायला जावं. तिसऱ्या आठवड्यात कुणी नावाने हाक मारतं का, हे कळेल.

जुन्या लोकांच्या ‘इथे पंखा लागत नाही’ या बोलण्यावर निर्णय घेऊ नका. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021 च्या अहवालानुसार पृथ्वी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत सुमारे 1.1 अंशाने तापली आहे, आणि तुम्ही पुढच्या पंचवीस वर्षांचं घर शोधताय. गेल्या दहा उन्हाळ्यांच्या रात्री बघा. डोंगरात दरडी, किनाऱ्यावर पुराचं पाणी कुठवर येतं, हे शेजाऱ्यांना विचारा, घर दाखवणाऱ्याला नाही.

आणि राहतं घर या सगळ्यात भाड्याने द्या, एका वर्षाच्या कराराने. परतीची वाट उघडी आहे हे कळलं की ह्यांना ‘हो’ म्हणणं सोपं जाईल. मुलीला मात्र यात पंच करू नका, तिला ठरल्यावर कळवा.