हॉटलाइन मायामी या हिंसक गेमची चित्रशैली कुठून आली? आणि त्याच्या कव्हरचा प्रिंट विकत घेऊन घरात लावावा का?

घ्या. पण दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात आठवडाभर वाजलं होतं, तेव्हा तयारीत राहा.

२०१२ साली आलेला हा गेम डेनिस वेडिन आणि योनातान सॉडरस्ट्रॉम या दोन स्वीडिश मित्रांनी केला. गोष्ट १९८९ च्या मायामीतली. ‘ड्राइव्ह’ हा सिनेमा आणि मायामीच्या कोकेन टोळ्यांवरचा ‘कोकेन काउबॉइज’ हा माहितीपट, या दोन्हींचा प्रभाव त्यांनी स्वतःच सांगितलाय. कव्हर मात्र निकलास ओकेरब्लाद या चित्रकाराचं. तो ‘एल हुएर्वो’ नावानं संगीतही करतो, गेममध्ये त्याचे तुकडे आहेत, आणि त्यातल्या दुकानात भेटणारा दाढीवाला विक्रेताही त्याच्यावरूनच बेतलाय.

आई म्हणाली, “घरात रक्तपात नको.” मी तिला कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, घेऊन गेलो. तिथल्या भिंतीवर नंदलाल बोसांनी महाभारताचं युद्ध रंगवलंय. ती म्हणे, “ते महाभारत आहे, हे कोंबड्याचं तोंड लावलेला गुंड आहे.” यावर काय बोलणार! पण खेळून बघितलं तर कळतं. सगळे मेले की संगीत बंद पडतं, आणि आपणच पाडलेल्या प्रेतांमधून गाडीपर्यंत चालत परत यावं लागतं. एवढा वेळ मजा वाटत होती त्याचीच मग शिसारी येते.

राहिला पैशांचा प्रश्न. छापील चित्राला बडोदेकरांनी तरी नाक मुरडू नये. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक चित्रं काढून घेतली, ती राजवाड्यात. आणि १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती घरोघरी. आजीच्या देवघरातली लक्ष्मी अशीच छापील होती. फक्त जास्त पैसे मोजताना चित्रकाराची पेन्सिलीची सही आणि किती प्रतींपैकी कितवी हा आकडा आहे का, ते बघा. दोन्ही नसेल तर ते पोस्टर. पोस्टरही लावा, पण पोस्टरच्या भावात.

आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नका. माझा तिथेच आहे, दोन उन्हाळ्यांत त्यातला गुलाबी पार उडाला. आई म्हणते, आता बरा दिसतो.