पदच्युत सेनापती आणि फॅसिस्ट पक्ष

प्रश्न : सायबेरियात पराक्रम गाजवणारे झेक सेनानी रादोला गायदा पुढे फॅसिस्ट नेते झाले, ते लष्करातून काढून टाकल्याच्या रागातून, असे म्हणतात. हे कारण पुरेसे आहे काय? आणि ते हिटलरचे समर्थक होते काय?

उत्तर : राग होताच, पण त्याने सारा उलगडा होत नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील युद्धकैद्यांतून रशियात उभ्या राहिलेल्या चेकोस्लोव्हाक सैन्यदलाने १९१८ मध्ये सायबेरियाचा लोहमार्ग ताब्यात घेतला, त्यात नोवोनिकोलायेव्स्क (आजचे नोवोसिबिर्स्क) पासून पूर्वेकडच्या कारवाईचे नेतृत्व गायदांनी केले. पुढे रशियन ॲडमिरल कोल्चाकच्या बोल्शेविकविरोधी फौजेत जाऊन त्याच वर्षअखेरीस पर्म शहर जिंकले. जुलै १९१९ मध्ये कोल्चाकने त्यांना बडतर्फ केले आणि चारच महिन्यांत त्यांनी व्लादिवोस्तोकला त्याच्याचविरुद्ध बंड उभारले. ते फसले, पण वरिष्ठाने दूर केले तर त्याच्याविरुद्धच उठायचे, ही वृत्ती तेव्हाच दिसून आली होती. प्रश्नात सुचवलेले कारण मला अपुरे वाटते, ते यासाठीच.

मायदेशी, म्हणजे चेकोस्लोव्हाकियात, परतल्यावर १९२६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रभारी प्रमुख झाले. त्याच वर्षी सोव्हिएत संघासाठी हेरगिरी आणि सत्तापालटाचा कट अशा आरोपांवरून त्यांना पदावरून दूर करण्यात आले. बोल्शेविकांशी लढलेल्या माणसावर त्यांच्याच हेरगिरीचा आरोप यावा, हे विचित्रच. त्याचा पुरावाही दुबळा होता. मात्र अध्यक्ष मासारिक यांचा त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता. १९२७ पासून ते राष्ट्रीय फॅसिस्ट समुदायाचे नेते झाले. १९३३ च्या जानेवारीत या पक्षाच्या काही अनुयायांनी ब्रनो शहरातील झिडेनित्से भागातल्या लष्करी बराकीवर हल्ला केला, तोही काही तासांतच मोडला गेला. १९३५ च्या निवडणुकीत पक्षाला ३०० पैकी सहाच जागा मिळाल्या.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मुसोलिनीच्या इटलीचे आकर्षण असलेला हा पक्ष ज्यूद्वेष्टा होता, तसाच जर्मनद्वेष्टाही होता. ब्रिटन व फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देण्यास मान्यता दिली त्या १९३८ च्या म्युनिक करारानंतर गायदांनी आपली ब्रिटिश व फ्रेंच पदके परत केली. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्राग शहरात शिरल्या तेव्हा सत्तेत वाटा मिळवण्याची धडपड मात्र त्यांनी केली. जर्मनांनी त्यांना जवळ केले नाही आणि त्यानंतर ते राजकारणातून बाहेर पडले. १९४५ मध्ये त्यांना अटक झाली, १९४७ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. तोवर तेवढा काळ कोठडीत गेलाच असल्याने त्यांची सुटका झाली आणि एप्रिल १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.